पोटोमॅकच्या काठची खेचरवाट

१८२८ सालच्या जुलै महिन्याची ४ तारीख. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी ५२ वर्षे पूर्ण होत होती, आणि परस्परांपासून जेमतेम ४० मैलांवर असलेल्या दोन शहरांत दोन समारंभ चालले होते. वॉशिंग्टनच्या वरच्या अंगाला, पोटोमॅक नदीच्या काठी, राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स एका कालव्याची पहिली माती उपसण्यासाठी फावडे घेऊन उभे होते. फावडे जमिनीत शिरेना. खाली झाडाचे मूळ आडवे आले होते. प्रयत्न वाया गेल्यावर ॲडम्स यांनी अंगातला कोट काढून बाजूला ठेवला, पुन्हा जोर केला आणि फावडेभर माती वर आणली. हे गृहस्थ एरवी थंड, लोकांपासून अंतर राखून राहणारे म्हणून प्रसिद्ध. पण त्या दिवशी त्यांच्या कोट काढण्याने लोकांच्या मनावर जो परिणाम केला, तो त्यांच्या अलंकारिक भाषणानेही केला नाही. तिकडे बाल्टिमोर येथे चार्ल्स कॅरल नावाचे ९० वर्षांचे वृद्ध एका लोहमार्गाचा पायाचा दगड बसवीत होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी त्या वेळी हयात असलेले ते एकटेच.

कालव्याचे नाव चेसापीक अँड ओहायो आणि लोहमार्गाचे नाव बाल्टिमोर अँड ओहायो. दोघांचे गंतव्य स्थान नावातच सांगितलेले होते. ॲलेघनी पर्वताच्या रांगा ओलांडून पलीकडची ओहायो नदी गाठायची आणि पश्चिमेकडच्या नव्या सुपीक मुलखाचा व्यापार पूर्व किनाऱ्यावर आणायचा, ही दोघांचीही आकांक्षा. यांपैकी कालवा ओहायोपर्यंत कधीच पोचला नाही. लोहमार्ग पोचला, आणि त्याने कालव्याचा घास घेतला. पुढे मोटारीने आगगाडीलाही अनेक ठिकाणी निकालात काढले. या साऱ्या चढाओढीतून, कोणीही न योजलेली अशी एक गोष्ट मागे उरली: वॉशिंग्टनपासून पिट्सबर्गपर्यंत डोंगराळ नदीखोऱ्यांतून जाणारी सुमारे ३३४ मैलांची एक अखंड वाट. तिच्यावर मोटारीला मज्जाव आहे, आणि सायकलस्वार व पादचारी हेच तिचे मालक आहेत. ही वाट कोणी आखली आणि ती वाचली कशी, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पश्चिमेकडे जलमार्गाने जाण्याची कल्पना ॲडम्स यांच्याही आधीची. १७५४ सालच्या मे महिन्यात जॉर्ज वॉशिंग्टन नावाचा २२ वर्षांचा एक अधिकारी व्हर्जिनियाच्या फौजेबरोबर ओहायोच्या उगमाकडे निघाला होता. फ्रेंचांनी तो प्रदेश बळकावला होता. तोफा आणि रसद डोंगरातून ओढून नेण्यापेक्षा यॉकोगेनी नदीतून नेता आली तर बरे, या विचाराने तो होडीतून त्या नदीची पाहणी करीत उतरू लागला. आज ज्याला ओहायोपाइल म्हणतात त्या ठिकाणी नदी खडकांवरून एकदम खाली कोसळते. तो धबधबा पाहून त्याने जलमार्गाचा नाद सोडला. पण नाद सुटला तो त्या मोहिमेपुरताच. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर त्याने पुन्हा तोच विषय हाती घेतला. १७८५ साली स्थापन झालेल्या पोटोमॅक कंपनीचा तो पहिला अध्यक्ष होता, आणि देशाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले ते त्यानंतर. पोटोमॅकमधील धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे या कंपनीने खोदले. मात्र ग्रेट फॉल्स येथील काम पुरे झाले ते १८०२ साली, वॉशिंग्टनच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. नदीला पाणी असे ते वर्षातून थोडे दिवस. कंपनी डबघाईस आली, आणि तिचे हक्क शेवटी नव्या चेसापीक अँड ओहायो कंपनीकडे गेले.

येथे भूगोलाची एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचा सारा इतिहास तिच्यावरच उभा आहे. डोंगराळ मुलखात सपाट वाट हवी असेल तर ती नदीनेच खोदून ठेवलेली असते. ओझे ओढणाऱ्या खेचराला चढ नको असतो. वाफेच्या इंजिनाला तर तो त्याहून नको असतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर थोड्याशा चढावरही घसरू लागते. म्हणून कालवा आणि लोहमार्ग हे दोघेही नदीचे बोट धरून चालतात. ज्या कारणाने खेचर आणि इंजिन या वाटेला लागले, त्याच कारणाने पुढे सायकलस्वारही लागला. स्वतःच्या पायांच्या बळावर चालणाऱ्या माणसाला चढ किती महाग पडतो, हे घाटात सायकल हातात धरून चालत गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

पण नदीचे बोट एक, आणि ते धरू पाहणारे दोन. पॉइंट ऑफ रॉक्स या ठिकाणी डोंगराचा कडा नदीच्या इतका जवळ येतो की, तेथे एकालाच जागा होती. दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. हा खटला १८३२ पर्यंत चालला आणि मेरिलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने कालव्याच्या बाजूने कौल दिला. पुढे तडजोड होऊन लोहमार्गालाही तेथून नदीकाठाने जाण्याची वाट मिळाली. कालव्याच्या कंपनीने कागदावर विजय मिळविला. तथापि त्या वर्षांत तिचा पैसा आणि वेळ दोन्ही खर्ची पडले. आगगाडी १८४२ साली कंबरलंड या गावी पोचली. कालवा तेथे पोचावयास १८५० साल उजाडले, आणि तेथेच तो कायमचा थांबला. कंबरलंडपर्यंतच खर्चाचा आकडा १ कोटी १० लाख डॉलरांवर गेला होता. पुढे पर्वत होता, आणि तिजोरीत काही उरले नव्हते.

हा १८४.५ मैलांचा कालवा ज्यांच्या घामातून निघाला त्यांची आठवण त्याच्या काठावर फारशी कोरलेली नाही. आयर्लंडमधून आलेले मजूर यांत फार मोठ्या संख्येने होते. जर्मन आणि इंग्रज कारागीरही होते. १८३२ साली पटकीची साथ त्यांच्या झोपड्यांतून पसरली. पगार वेळेवर मिळत नसे, आणि काम कमी व हात जास्त अशी स्थिती झाली की, आयर्लंडच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या टोळ्या आपापसांत लढत. १८३४ च्या जानेवारीत असा दंगा माजला तेव्हा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी लष्कर पाठविले. मजुरांच्या तंट्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने फौज वापरण्याचा हा पहिला प्रसंग. पॉ पॉ नावाच्या वळणावर नदी इतकी नागमोडी झाली आहे की, तिच्या काठाने जाण्याऐवजी डोंगर पोखरावा असे इंजिनिअरांनी ठरविले. हा बोगदा ३,११८ फूट लांब आहे. काम दोन वर्षांचे धरले होते. ते १८३६ मध्ये सुरू झाले आणि लागली १४ वर्षे. आत साठ लाखांच्या जवळपास विटा बसविलेल्या आहेत. बोगद्याच्या कठड्याचे लाकडी आडवे खांब पाहिले तर नावांचे दोर वर्षानुवर्षे घासून पडलेल्या खाचा अजून दिसतात. कालव्याच्या इतिहासाची याहून खरी बखर दुसरी नाही.

वॉशिंग्टन ते कंबरलंड या अंतरात जमीन ६०५ फूट उंच होते. हा चढ कालव्याने ७४ पायऱ्यांनी चढला. प्रत्येक पायरीवर दगडी हौद आणि त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी दारे; नाव हौदात शिरली की मागचे दार लावायचे, पाणी भरायचे किंवा सोडायचे, आणि नाव आठेक फूट वर उचलायची किंवा खाली उतरवायची. याला कालव्यावरची माणसे लॉक म्हणत. प्रत्येक लॉकपाशी राखणदाराचे घर असे. नावाड्याने लांबून शिंग फुंकले की, रात्र असो वा पहाट, राखणदाराने उठून दारे उघडलीच पाहिजेत. नाव ९० फुटांहून थोडी लांब, रुंदीने लॉकपेक्षा केवळ काही इंचांनी कमी. तिच्यात शंभराहून अधिक टन कोळसा मावे. ओढायला खेचरे. त्यांच्या दोन जोड्या असत, एक वाटेवर ओढीत असे आणि दुसरी नावेतल्याच तबेल्यात विसावा घेत असे. सहा तासांनी पाळी बदले. पुष्कळ नावांवर नावाड्याचे सारे कुटुंबच राहत असे. बायको सुकाणू धरी, स्वयंपाक करी, आणि खेचरांबरोबर दिवसभर चालण्याचे काम बहुधा मुलांकडे असे. ही मुले अनवाणी चालत ती वाट म्हणजेच कालव्याच्या काठची खेचरवाट. आज सायकली धावतात त्या हिच्यावरूनच.

यादवी युद्धाच्या काळात पोटोमॅक ही उत्तर व दक्षिण यांच्यामधील सीमा झाली, आणि कालवा नेमका त्या सीमेवर सापडला. १८६२ च्या सप्टेंबरात दक्षिणेच्या सैनिकांनी मोनोकसी नदीवरचा पाणपूल उडविण्याचा प्रयत्न केला. कालव्याचे पाणी नदीवरून पलीकडे नेणारा हा सात कमानींचा दगडी पूल १८३३ साली पुरा झालेला होता. चिरेबंदी काम इतके भक्कम निघाले की त्यांना तो नाद सोडावा लागला. हा पूल आज सायकलस्वार सहज ओलांडून जातो. त्याच महिन्यात जवळच्या अँटीटम ओढ्याकाठी एका दिवसात जो रक्तपात झाला, तसा अमेरिकेच्या इतिहासात दुसऱ्या कोणत्याही एका दिवसात झालेला नाही.

युद्धानंतर १८७० ते १८८० या दशकात कालव्याला बरे दिवस आले. पण हे वैभव पिवळ्या पानासारखे होते. १८८९ च्या मे महिन्याअखेर आलेल्या पुराने कालव्याचे बांध ठिकठिकाणी फोडून टाकले, कंपनी बुडाली, आणि तिच्या रोख्यांचा मोठा धनी असलेल्या त्याच बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या हाती कालव्याचा ताबा गेला. रेल्वेने तो पुन्हा सुरू केला. यात तिला कालव्याचे प्रेम नव्हते. ही काठाची जमीन दुसऱ्या एखाद्या रेल्वे कंपनीच्या हाती पडू नये, ही काळजी अधिक होती. १९२४ साली पुन्हा पूर आला. त्यानंतर दुरुस्तीला कोणी हात लावला नाही. नावा जागच्या जागी कुजल्या, कालव्याच्या पात्रात झाडे उगवली. १९३८ साली मध्यवर्ती सरकारने २० लाख डॉलर देऊन रेल्वेकडून सारा कालवा विकत घेतला. मंदीच्या त्या काळात बेकार तरुणांना काम देण्याची सरकारी योजना चालू होती; तिच्यातील कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन पथकांनी वॉशिंग्टनकडील पहिले २२ मैल दुरुस्त करून त्यात पाणी खेळविले. वरचे १६० मैल तसेच पडून राहिले.

पडून राहिलेली जमीन राज्यकर्त्यांना स्वस्थ बसू देत नाही. १९५० साली एक योजना काँग्रेसपुढे आली: कालव्याच्या जागेवरून मोटारींसाठी एक रमणीय सडक बांधावी. जमीन सरकारचीच होती, ती नदीकाठाची आणि सपाट होती, आणि मोटार ही त्या पिढीची आराध्य देवता होती. या योजनेमागे दुष्टावा नव्हता, हेही म्हटले पाहिजे. शहरातल्या कुटुंबाला रविवारी मोटारीतून नदी पाहता यावी, हा हेतू काही वाईट नाही. फक्त त्या सडकेखाली खेचरवाट गाडली जाणार होती. १९५४ च्या जानेवारीच्या आरंभी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वजनदार वृत्तपत्राने अग्रलेखातून या सडकेची भलावण केली.

या अग्रलेखाला उत्तर आले ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायाधीशाकडून. विल्यम ओ. डग्लस यांचे नाव हिंदुस्थानात अगदी अपरिचित नव्हते. १९५१ साली ते हिमालय ओलांडून लडाखात गेले होते आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. पुढे कलकत्ता विद्यापीठाची टागोर विधि-व्याख्याने त्यांनी भारतीय आणि अमेरिकन राज्यघटनांच्या तुलनेवर दिली, ती १९५६ साली ग्रंथरूपाने निघाली. डोंगर आणि पायवाटा हा या माणसाचा जन्माचा नाद. १९ जानेवारीला प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी संपादकाशी वाद घातला नाही. त्याला आमंत्रण दिले. पाठीवर पिशवी टाकून आपल्याबरोबर कंबरलंडपासून वॉशिंग्टनपर्यंत चालत या, आणि मग लेखणी उचला, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. वृत्तपत्राच्या दोन संपादकांनी हे आव्हान स्वीकारले.

२० मार्च १९५४ रोजी ५८ माणसे कंबरलंडहून निघाली. त्यात निसर्गाचे अभ्यासक होते, पत्रकार होते, आणि केवळ हौसेने आलेलेही होते. थंडी संपलेली नव्हती. आठ दिवसांत १८० मैलांहून अधिक चालायचे म्हणजे दिवसाला सरासरी २३ मैल, आणि ५५ वर्षांचे न्यायमूर्ती पुढे इतक्या झपाट्याने चालत की तरुणांची दमछाक होई. कोणाच्या पायांना फोड आले, कोणी गाडीत बसून परतले. २७ तारखेला वॉशिंग्टनला पोचले तेव्हा सारी वाट पायी चाललेले नऊच जण उरले होते, आणि डग्लस त्यांत एक. देशभरच्या वर्तमानपत्रांनी या चालण्याच्या रोज बातम्या दिल्या. ‘पोस्ट’ने आपला आग्रह सौम्य केला, जेथे जेथे सडकेमुळे कालव्याला धक्का पोचेल तेथे ती दूर न्यावी, इतपत ते पत्र आले.

एका माणसाच्या चालण्याने कालवा वाचला, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. ती अर्धीच खरी. सडकेला लागणारा पैसा सहज उभा राहण्यासारखा नव्हता, आणि जुन्या कालव्याचे अभिमानी डग्लस यांच्याही आधीपासून धडपडत होते. डग्लस यांनी केले ते वेगळेच. ज्या प्रश्नाची चर्चा नकाशावर चालली होती, तो त्यांनी जमिनीवर आणला. चालणाऱ्याला जे दिसते ते मोटारीच्या काचेतून दिसत नाही, हे त्यांनी युक्तिवादाने सिद्ध केले नाही. सिद्ध करण्याची जबाबदारीच त्यांनी प्रतिपक्षाच्या पायांवर टाकली. न्यायाधीशाने साक्षीदाराला प्रत्यक्ष जागेवर नेऊन उभे करावे, तसा हा प्रकार. १९५६ साली सरकारी खात्याने सडकेचा हट्ट सोडला. १९६१ च्या जानेवारीत, पदावरून उतरण्यास दोन दिवस उरले असता, राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, आणि ८ जानेवारी १९७१ रोजी संपूर्ण कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. १९७७ साली हे उद्यान डग्लस यांच्या नावे अर्पण करण्यात आले. उद्यानासाठी काठावरच्या ज्या लोकांच्या जमिनी सरकारने घेतल्या त्यांना मात्र हा सोहळा गोड वाटला नसेल, हेही नमूद करावयास हवे.

कंबरलंडच्या पुढे, जेथे कालव्याचे पैसे संपले होते, तेथून वाट कशी वाढली ही दुसरी कथा. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९१२ साली कंबरलंडहून पर्वत ओलांडून कॉनेल्सव्हिलला जाणारा फाटा सुरू केला होता. पर्वतापलीकडे ही रेल्वे आधी कॅसलमन आणि मग यॉकोगेनी नदीचे बोट धरून उतरत असे. म्हणजे वॉशिंग्टनने ज्या नदीतून होडी नेण्याचा प्रयत्न केला, तिच्याच काठाने. याच खोऱ्यांतून बाल्टिमोर अँड ओहायोचाही लोहमार्ग होता. दोन गाड्यांना पुरेल इतका माल उरला नाही, तेव्हा १९७५ साली वेस्टर्न मेरिलँडचा फाटा बंद पडला. रूळ उचलले गेले, खडी राहिली, बोगदे आणि पूल राहिले.

बंद पडलेल्या लोहमार्गाच्या जमिनीचे काय करावे, हा प्रश्न त्या काळी साऱ्या अमेरिकेत उभा होता. विस्कॉन्सिन राज्याने १९६५ साली एल्रॉय आणि स्पार्टा या गावांमधला ३२ मैलांचा असाच एक मार्ग विकत घेतला आणि तीन बोगद्यांसह सायकलींना मोकळा करून दिला. हा प्रयोग लोकांना आवडला. पण कायद्याची अडचण फार मोठी होती. पुष्कळ ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नसे. केवळ गाड्या नेण्याचा हक्क असे. गाड्या थांबल्या की हक्क संपला आणि जमीन शेजारच्या शेतकऱ्याकडे परत गेली, असा साधा हिशेब. आपल्या आजोबाने आगगाडीला वाट दिली होती, अनोळखी सायकलस्वारांना नव्हे, असे शेतकरी म्हणू लागले, आणि त्यात तथ्य नव्हते असे कोण म्हणेल? १९८३ च्या कायद्याने यातून एक शक्कल काढली. मार्ग कायमचा बंद झाला असे न मानता, तो भावी काळातील आगगाडीसाठी राखून ठेवला आहे असे मानावे, आणि तोपर्यंत त्यावर वाट असावी. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. मात्र जमीनमालकाला नुकसानभरपाई मागण्याचे दार उघडे ठेवले. त्या दारातून पुढे कित्येक दावे आत आले आहेत.

यॉकोगेनीच्या खोऱ्यातील पहिला तुकडा १९८६ साली ओहायोपाइलजवळ खुला झाला. तो जेमतेम नऊ मैलांचा होता. नंतर एकेक गाव, एकेक पूल असे करीत वाट वाढत गेली. १९९५ साली निरनिराळ्या गावांतील मंडळींनी मिळून एक संघ केला. बिग सॅव्हेज पर्वतातील ३,२९४ फुटांचा बोगदा पडझड होऊन बंद झालेला होता. त्याची दुरुस्ती हे सर्वांत खर्चिक काम ठरले. २००६ च्या डिसेंबरात कंबरलंड येथे ही वाट खेचरवाटेला येऊन मिळाली, आणि २०१३ च्या जूनमध्ये पिट्सबर्ग शहरातला शेवटचा दुवा जोडला गेला. या १५० मैलांना ग्रेट ॲलेघनी पॅसेज असे नाव आहे. कालव्याच्या कंपनीने १८२८ साली जे अंतर कागदावर आखले होते, ते अशा रीतीने पुरे झाले. त्यावर माल मात्र कोणताच जात नाही.

पिट्सबर्गहून निघालेला सायकलस्वार १२६ मैल चढत जातो, पण चढतो आहे हे त्याला बहुधा कळत नाही, इतका तो चढ मंद आहे. सुरुवातीलाच होमस्टेड लागते. येथील पोलादाच्या कारखान्यात १८९२ साली संपावरचे कामगार आणि मालकांनी आणलेले भाडोत्री पहारेकरी यांच्यात रक्तरंजित लढाई झाली होती. कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्याच्या धुराड्यांची एक रांग तेवढी उभी आहे. पुढे नदीकाठी ठिकठिकाणी जुन्या खाणींतून झिरपणारे पाणी खडकांना तांबूस रंग देत वाहते. एके ठिकाणी डार खाणीची स्मृती सांगणारा फलक आहे. १९ डिसेंबर १९०७ रोजी या खाणीत स्फोट होऊन २३९ माणसे आणि मुले दगावली. त्यांत पूर्व युरोपातून आलेले मजूर पुष्कळ होते. जुन्या पंचांगाप्रमाणे त्या दिवशी संत निकोलसचा सण होता, आणि जे चर्चमध्ये गेले म्हणून खाणीत उतरले नाहीत ते वाचले. वाट येथे फार सुंदर आहे. झाडी दाट आहे, नदी खळाळत असते, आणि त्या फलकापाशी न थांबता पुढे जाणे सहज शक्य असते.

कॉनेल्सव्हिल मागे टाकले की कोळशाचा मुलूख संपतो आणि अरण्य सुरू होते. ओहायोपाइल येथे रेल्वेच्या जुन्या पुलावरून नदी दोनदा ओलांडावी लागते. मायर्सडेलजवळ १,९०८ फूट लांबीचा सॅल्सबरी पूल आहे. त्याच्यावर उभे राहिले की खाली शेते, नदी, चालू असलेला लोहमार्ग आणि मोठी सडक हे सारे एकदम दिसते. त्यानंतर २,३९२ फुटांवर पूर्वेकडील जलविभाजक रेषा येते. तिच्या एका बाजूचे पाणी मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते, दुसऱ्या बाजूचे अटलांटिकला. येथून कंबरलंडपर्यंत २४ मैलांत सुमारे १,७५० फुटांची उतरण आहे, आणि पायडल न मारता मैलच्या मैल जाता येते. कंबरलंडनंतर मात्र वाटेचा पोत बदलतो. पॅसेजवर चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसविलेला आहे. खेचरवाट अजून बरीचशी मातीचीच. पाऊस पडला की चिखल, आणि झाडांची मुळे वर आलेली. पॉ पॉच्या बोगद्यात सायकलवरून उतरून दिवा हातात घ्यावा लागतो. लॉकजवळच्या राखणदारांच्या काही घरांत आता प्रवाशांना रात्रीपुरते भाड्याने राहता येते.

सायकलस्वारांना अशी वेगळी वाट शोधावी लागावी, यात एक जुना विनोद दडला आहे. १८८० साली अमेरिकेतील सायकलस्वारांनी आपला संघ स्थापन केला आणि चांगल्या रस्त्यांसाठी देशभर चळवळ चालविली. तोवर शेतकऱ्याच्या बैलगाडीखेरीज कोणी त्या चिखलाच्या रस्त्यांचा विचारही करीत नसे. रस्ते चांगले झाले, आणि ते पुरे होतात तोच मोटार येऊन त्यांच्यावर बसली. ज्यांनी रस्ता मागितला त्यांनाच तो सोडून मोडक्या कालव्याच्या आणि उखडलेल्या रुळांच्या जागी जावे लागले.

या वाटेवरचे पाणी अजून माणसाला सुखाने राहू देत नाही. १९७२ साली ॲग्नेस वादळाने खेचरवाटेचे कंबरडे मोडले. १९८५ साली आणि १९९६ साली दोनदा पुन्हा पूर आले. बिग स्लॅकवॉटर या ठिकाणी कडा आणि नदी यांच्यामधली वाट वाहून गेली, आणि २०१२ पर्यंत सायकलस्वारांना तेवढ्यापुरते मोटारींच्या सडकेवरूनच जावे लागे. बिग सॅव्हेजच्या बोगद्यात झिरपणारे पाणी थंडीत गोठून आतले बांधकाम फोडते, म्हणून दर हिवाळ्यात त्याची दोन्ही टोकांची दारे बंद करतात. वसंत ऋतूत बर्फ वितळल्यावर ती पुन्हा उघडली जातात, आणि तोपर्यंत मायर्सडेल व फ्रॉस्टबर्ग या गावांमधली वाट पर्वताच्या दोन्ही अंगांना खोळंबून राहते.